दीड मीटर नळीचा मागोवा

मराठीत ‘शेगडी’ हा शब्द मुळात कोळसा पेटवायच्या लोखंडी किंवा मातीच्या साधनाचा. गॅसवर चालणारे उपकरण घरात आले तेव्हा भाषेने नवे नाव घडवण्याचा खटाटोप न करता हेच नाव त्याला देऊन टाकले, आणि नावाबरोबर विस्तवाविषयीच्या जुन्या समजुतीही या नव्या उपकरणाकडे आल्या. गेल्या सात दशकांतील घरगुती गॅसच्या सुरक्षिततेचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या समजुती आणि नव्या इंधनाचे स्वभावधर्म यांच्यातील विसंगतीचा इतिहास आहे.

चुलीचा धोका डोळ्यांना दिसणारा होता. धूर, ठिणगी, निखारा आणि जाळ या चारही गोष्टी स्वयंपाक करणारीच्या नजरेच्या टप्प्यात असत, रात्री निखारे राखेत पुरून ठेवणे आणि सकाळी फुंकणीने ते पुन्हा फुलवणे हे ज्ञान आईकडून मुलीकडे शब्दांवाचून जात असे, आणि सारवलेल्या चुलीभोवती काय ठेवायचे व काय नाही हे सांगायला कोणत्याही पत्रकाची गरज नव्हती. चुलीचा खरा अपकार धुराचा होता, तो छातीत आणि डोळ्यांत वर्षानुवर्षे साठत जाई. पण त्याची गणना अपघातात कधी झाली नाही. कोळशाच्या शेगडीने प्रथमच न दिसणारा धोका घरात आणला: अपुऱ्या हवेत कोळसा जळताना निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंग वा वास नसलेला विषारी वायू बंद खोलीत, विशेषतः थंडीच्या रात्री, झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. त्यामागून आलेल्या, पंपाने हवा भरायच्या रॉकेलच्या स्टोव्हने, ज्याचे मूळ १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झालेल्या प्रायमस स्टोव्हमध्ये आहे, शहरी बिऱ्हाडांना धुरापासून बरीच सुटका दिली आणि त्या बदल्यात भडक्याची भीती दिली. ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द पुढे वर्तमानपत्रांतून इतके ठराविक झाले की त्यांच्याआड अपघात किती आणि छळातून झालेले मृत्यू किती, हा प्रश्न स्त्री-संघटनांना उच्चारवाने विचारावा लागला. भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये आलेले कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये आलेले हुंडाबळीचे कलम ३०४-ब यांच्या पार्श्वभूमीत हे स्वयंपाकघरही आहे. सुरक्षित शेगडीचा कोणताही इतिहास ही नोंद टाळून लिहिला तर तो केवळ यंत्राचा इतिहास ठरेल.

मुंबईला गॅस स्टोव्हच्याही आधी ठाऊक होता. १८६५ मध्ये शहरातील काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला हा वायू पुढे नळाने काही घरांतही पोहोचला. लालबागच्या परिसरात ‘गॅस कंपनी’ हे नाव त्या काळाची आठवण म्हणून टिकून आहे. मात्र कोळशाच्या या वायूत कार्बन मोनॉक्साइड मुळातच मिसळलेला असल्याने तो नुसता गळला तरी विषबाधा होई, शिवाय त्याचे जाळे शहराच्या मर्यादित भागापुरते राहिले. सर्वसाधारण मराठी घराच्या दृष्टीने कथा सुरू होते ती १९५५ मध्ये, जेव्हा बर्मा-शेल कंपनीने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने टाकीतला गॅस विकायला काढला. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत हा वायू जोडउत्पादन म्हणून मिळत होता, आणि जो एरवी जाळून टाकावा लागला असता त्याला आता गिऱ्हाईक सापडले. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ मध्ये कोलकात्यातून सुरू झाला; १९७४ मध्ये एस्सोचे आणि १९७६ मध्ये बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ही नावे आली. त्यापुढच्या दीड-दोन दशकांत गॅसचा ‘नंबर लावणे’ आणि तो लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गीय जीवनाचा भाग झाला. जोडणी मिळणे हीच प्रतिष्ठा असल्याने ती कशी वापरावी, हा प्रश्न ओघानेच मागे पडला.

एलपीजी, म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायू, हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असून दाबाखाली ते द्रव होते आणि दाब निघाला की त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पटींनी वाढते. वाटीभर द्रव गळाला तर खोलीचा केवढा भाग व्यापला जाईल याची कल्पना यावरून येते. त्याचा दुसरा गुणधर्म अधिक महत्त्वाचा आहे. तो हवेहून दीड ते दोन पट जड असल्यामुळे धुरासारखा वर न जाता पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो, मोरीच्या जाळीतून गटारात उतरतो. धूर जाण्यासाठी भिंतीच्या वरच्या भागात धुराडे किंवा झरोका ठेवणाऱ्या घरांना हा स्वभाव अपरिचित होता, आणि आजही स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे म्हणून निश्चिंत राहणारी माणसे हे विसरतात की गळलेला गॅस खिडकीच्या पातळीच्या बराच खाली असतो आणि त्याला बाहेर जायला दारच लागते. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांपासून नऊ टक्क्यांपर्यंत असताना ठिणगी मिळाली तर मिश्रण पेटते. ही ठिणगी दिव्याच्या बटणाची असू शकते, फ्रिजची असू शकते, आणि ज्या घरांत देवघर स्वयंपाकघरातच आहे तेथे जमिनीलगत तेवणाऱ्या समईचीही असू शकते. मूळ वायूला जवळजवळ वास नसल्याने त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळले जाते, जेणेकरून पेटण्याइतके प्रमाण होण्याच्या बरेच आधी नाकाला सूचना मिळावी. ज्याला लोक ‘गॅसचा वास’ म्हणतात तो वास अशा रीतीने मुद्दाम घातलेला असतो. बातम्यांत ज्याला ‘सिलिंडरचा स्फोट’ म्हटले जाते त्यातील अनेक घटनांत टाकी शाबूत राहते, कारण स्फोट टाकीचा नसतो, खोलीत साचलेल्या हवा-गॅस मिश्रणाचा असतो. शब्दाची ही चूक क्षुल्लक नाही, तिच्यामुळे सारे लक्ष टाकीकडे जाते आणि ते जायला हवे असते गळतीकडे.

टाकीची काळजी घेण्याचे काम व्यवस्थेने स्वतःकडे ठेवले आणि ते तिने, एकंदरीत पाहता, बरे केले. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच कोरलेले असते, आणि वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीवर एक अक्षर व दोन आकडे रंगवलेले असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. ‘बी-२७’ याचा अर्थ ती टाकी जून २०२७ अखेर दाबचाचणीसाठी परत जायला हवी, इतकाच; औषधाच्या बाटलीवरची मुदत समजून तिच्याकडे पाहण्याची पद्धत चुकीची आहे, कारण चाचणीत उतरलेली टाकी पुन्हा वापरात येते. टाकीतला दाब शेगडीला पेलणारा नसतो, म्हणून झडपेवर बसवलेला रेग्युलेटर तो कमी करून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका करतो. हे साधन वायूसाठी बनवलेले आहे, द्रवासाठी नव्हे, आणि टाकी उभी ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच असतो: संपत आलेला गॅस पुरवून वापरण्यासाठी टाकी आडवी करण्याची जी युक्ती घरोघरी चालत आली, तिच्यामुळे द्रव थेट रेग्युलेटरपर्यंत येतो आणि ज्योत एकाएकी भडकते.

स्वयंपाकघराच्या रचनेतला मोठा बदल टाकी घरोघरी येत होती त्याच काळातला आहे. चुलीसमोर बसून होणारा स्वयंपाक सहकारी गृहरचना संस्थांच्या सदनिकांत उभ्याने होऊ लागला, कडप्प्याचा ओटा आला, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आणि ओट्याखाली टाकी अशी मांडणी रूढ झाली. शेगडी टाकीहून उंच असावी हा नियम या मांडणीत आपोआप पाळला गेला. परंतु बसून काम करणारीच्या नजरेसमोर असलेला विस्तवाचा सगळा व्यवहार आता अर्धाच डोळ्यांपुढे उरला. ज्योत वर दिसते, आणि जिथून गळती होण्याचा संभव अधिक ती जागा, म्हणजे झडप, रेग्युलेटर आणि नळी, गुडघ्याच्या खाली अंधारात राहते.

नळी हा या साखळीतला खरा कच्चा दुवा. टाकी कंपनीची, तिची तपासणी कंपनीची; शेगडीला भारतीय मानक ४२४६ लागू, ज्यात उष्णतेच्या उपयोगाचे प्रमाणही किमान ६८ टक्के ठरवून दिलेले; पण दोहोंना जोडणारा दीड मीटरचा तुकडा मात्र घरमालकाच्या स्वाधीन. प्रारंभीच्या साध्या रबरी नळ्या तेलाच्या डागांनी मऊ पडत, उष्णतेने तडकत, आणि उंदीर त्या कुरतडत. त्यावर उपाय म्हणून आतून पोलादी तारेचे जाळे असलेली, वरून नारिंगी रंगाची ‘सुरक्षा’ नळी आली. ती पाच वर्षांनी बदलावी असे सांगितले जाते आणि तिच्यावर वर्ष छापलेले असते. या नळीने उंदरांचा प्रश्न जवळजवळ सोडवला, माणसांचा सोडवला नाही. स्वच्छतेच्या हौसेने तिच्यावर कापडी किंवा प्लॅस्टिकचे आवरण चढवले जाते आणि त्याखाली पडलेली चीर दिसत नाही. शेगडी सरकवण्यासाठी ती जोडून लांब केली जाते. भिंतीतून शेजारच्या खोलीत नेली जाते. गळती पाहायची ती साबणाच्या पाण्याच्या फेसाने, जोडाशी बुडबुडे येतात का ते न्याहाळून. काडी ओढून पाहण्याचा प्रकार चुलीच्या काळातल्या धिटाईचा अवशेष आहे, आणि त्याची किंमत अनेकांनी भाजून मोजली आहे.

शेगडीची निगा हा त्यामानाने सुखाचा विषय, कारण येथे घरच्या हातांना अजून काम उरले आहे. नॉब फिरवला की पितळी जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून गॅस वेगाने निघतो आणि जाताना शेजारच्या फटीतून हवा स्वतःबरोबर ओढून घेतो. ही हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी आणि स्थिर राहते, कमी पडली तर ती पिवळी होते, पातेल्याची बुडे काळी होतात आणि अर्धवट ज्वलनातून तोच जुना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पिवळी ज्योत आणि काळे बूड ही तक्रार नेहमी गॅसच्या दर्जाविषयी केली जाते. दोष बहुतेक वेळा उतू गेलेल्या दुधाचा आणि डाळीच्या फेसाचा असतो, जो बर्नरची भोके बुजवून बसतो. बर्नर थंड झाल्यावर कोमट साबणपाण्यात भिजवावा, भोके बारीक तारेने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळल्यावरच जागेवर बसवावा. जेटमध्ये मात्र सुई खुपसू नये, कारण मऊ पितळेचे छिद्र केसभर मोठे झाले तरी गॅस आणि हवेचे प्रमाण कायमचे बिघडते. फिरवताना अडणाऱ्या नॉबला घरचे तेल सोडणे हीदेखील चुकीची सोय आहे. तेल थोड्याच दिवसांत चिकट होते, तर त्या जागी लागते ते उष्णता सहन करणारे वंगण, आणि ते भरण्यासाठी कॉक उघडणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे.

पेटवण्याच्या रीतीतही एक उलटापालट झाली, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. काडेपेटीच्या काळात आधी काडी ओढायची आणि मग नॉब फिरवायचा, अशी शिस्त होती. लायटर आला तेव्हा आधी गॅस सोडून मग खटका दाबण्याची सवय लागली. लायटर चटकन पेटला तर काही बिघडत नाही, परंतु तो जुना झाला की चार-सहा खटके वाया जातात आणि तेवढा वेळ गॅस बर्नरभोवती साचत राहतो. नॉब बंद करून क्षणभर थांबावे, एवढा साधा धडा नवे साधन घेताना कोणी दिला नाही.

१९९५ मध्ये महानगर गॅस कंपनीची स्थापना होऊन मुंबईत, आणि २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅसमुळे पुढे पुण्यात, नळाने नैसर्गिक वायू येऊ लागला. हा वायू मुख्यतः मिथेन असल्याने हवेहून हलका असतो, वर चढतो आणि वरच्या झरोक्यातून निघून जाऊ शकतो. म्हणजे जुन्या घराच्या झरोक्याला पुन्हा अर्थ आला. जेट बदलल्याशिवाय टाकीवरची शेगडी या वायूवर नीट चालत नाही, कारण तेवढ्याच उष्णतेसाठी मिथेन अधिक लागतो आणि छिद्र मोठे असावे लागते. उलट, मोठे केलेले जेट घेऊन तीच शेगडी गावी टाकीला जोडली तर ज्योत भलतीच मोठी आणि पिवळी उठते. शहरे टाकीपासून दूर जात असतानाच १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने खेड्यांतील कुटुंबांना स्त्रियांच्या नावे जोडण्या दिल्या, आणि चूल पेटती ठेवून त्याच खोलीत टाकी ठेवण्याची नवी जोखीम निर्माण झाली, जिची कल्पना १९५५ च्या मुंबईत कोणाला असण्याचे कारण नव्हते. गळतीची वर्दी देण्यासाठी १९०६ हा देशभर एकच क्रमांकही २०१६ मध्येच आला.

अलीकडच्या स्वयंपाकघरांनी आणखी एक वळण घेतले आहे. पोलादी शेगडीची जागा कडक केलेल्या काचेच्या शेगडीने घेतली, जी पुसायला सोपी आहे, परंतु मोठ्या पातेल्याच्या बुडाखाली कोंडलेल्या उष्णतेने किंवा तापलेल्या पृष्ठभागावर पडलेल्या गार पाण्याने तडकते. ओट्याखालच्या उघड्या जागेला कपाटांची दारे लागली, टाकी पेटीबंद झाली, आणि जड वायूला बाहेर पडायला दाराच्या खालच्या कडेला भोके ठेवायची आठवण सुतारालाही क्वचितच होते. नळाचा वायू असलेल्या घरांतही भिंतीतून आलेल्या तांब्याच्या किंवा लोखंडी नळापासून शेगडीपर्यंतचे शेवटचे अंतर रबरी नळीनेच कापले जाते. तिच्यावर छापलेले वर्ष बहुधा भिंतीच्या बाजूला असते, आणि उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या घरात ते वाचायचे तर विजेरी घेऊन ओट्याखाली बसावे लागते.