गेममधलं सामान हरवलं तर

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आमच्या काय कामाचं? पण आपल्या कोपरगाव तालुक्यात पुष्कळ घरांत एकाच मोबाईलवर सगळं चालतं. त्यातच आपलं यूपीआय, त्यातच गटाचे मेसेज आणि त्यातच पोरांचा गेम. मग एखाद्या दिवशी पोरगं रडत येतं, "आई, माझ्या सगळ्या लेव्हल गेल्या, विकत घेतलेले डायमंडही दिसत नाहीत." ते डायमंड आपल्याच पैशाचे असतात. म्हणून ही माहिती आपल्याला हवी.

आधी बघू, गेमची नोंद राहते कुठे. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या बऱ्याच गेमची नोंद फोनमध्येच असते. गेम काढून टाकला की तीही जाते. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय अशा गेमची नोंद मात्र कंपनीच्या सर्व्हरवर, खेळणाऱ्याच्या खात्यावर असते. खातं गुगल किंवा फेसबुकला जोडलेलं असेल, तर फोन बदलला तरी ते सापडतं. ‘गेस्ट’ म्हणून खेळणं म्हणजे गटाच्या वहीत नाव न लिहिता बचत देणं. पैसे जमा झाले, पण कुणाचे ते सांगणार कोण?

याचं उदाहरण आपल्या देशातच घडलं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला. ज्यांचं जुनं खातं फेसबुक किंवा ट्विटरला जोडलेलं होतं, त्यांना आपलं सामान नव्या गेममध्ये आणता आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तेव्हाही जुन्याच खात्याने फ्री फायर मॅक्स उघडणाऱ्यांना आपलं सामान तिथे दिसलं.

आता सामान दिसेनासं झालं तर काय करायचं?

पहिलं, घाईने गेम काढून टाकू नका आणि ‘क्लिअर डेटा’ दाबू नका. फोनमधली नोंद त्याने कायमची पुसली जाते.

दुसरं, खातं तपासा. नव्या फोनवर दुसरा जीमेल असेल, तर गेम नव्याने सुरू झाल्यासारखा दिसतो. जुन्या खात्याने आत गेलं की बहुतेक वेळा सगळं जागेवर असतं.

तिसरं, पैसे गेले आणि वस्तू आली नाही, तर प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबा. तिथे पेमेंटच्या भागात खरेदीची यादी मिळते. व्यवहार ‘पेंडिंग’ असेल तर थांबा, लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. खरेदी पूर्ण झाली असेल, तर तिचा जीपीए अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर नंबर आणि गेममधला खेळाडू आयडी लिहून घ्या. गेमच्या सेटिंगमधल्या ‘सपोर्ट’वर दोन्ही कळवा. पैसे परत हवे असतील, तर गुगलकडे ४८ तासांच्या आत मागणी करा. त्यानंतर सहसा गेमच्या कंपनीकडेच जावं लागतं.

आणि एक मोठी सावधगिरी. ‘कस्टमर केअर’चा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका. "डायमंड परत देतो, ओटीपी सांगा, पिन टाका" असं कुणी म्हणालं, तर तो चोर समजा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर.

मुलाला रागावण्याआधी एवढं करून बघा. त्याच्यासाठी ती महिनोन्महिन्यांची कमाई असते. आजच त्याला शेजारी बसवून गेमची सेटिंग उघडा. ‘गेस्ट’ दिसलं तर खातं जोडून घ्या, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा आणि खेळाडू आयडी घरच्या हिशेबाच्या वहीत टिपून ठेवा.