जुनी ट्रॅव्हलर कॅम्परसाठी घेताय? आधी गाडीखाली शिरा!

पडदे, बेड, ओटा नंतरही होतील; चासी मात्र आधी बघा. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ तडा, वेल्डिंगचा जोड किंवा ताज्या काळ्या रंगाखाली गंज दिसला, तर सौदा सोडा. चासीवरचा नंबर आरसी बुकाशी जुळवा. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा. गरम झाल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. मग सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढवा. आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय. गिअर टाकताना खालून ‘टक्’ वाजलं, तर शाफ्टचे क्रॉस तपासा. आणि आतली रचना बदलण्याआधी आपल्या आरटीओची परवानगी घ्याच. नियम कुठला? मोटार वाहन कायदा 1988, कलम 52.