पायातल्या कड्या आणि हाडात फुटणाऱ्या रक्तवाहिन्या

अमरावती–अकोला एसटीत समोर बसलेल्या तरुणाच्या नडगीभोवती धातूच्या कड्या होत्या. मूर्तिजापूर आलं तसं त्यानं घड्याळ पाहिलं, छोटा पाना काढला आणि एकेक नट पाव फेरा फिरवला. शेजारच्या आजी कळवळल्या, "दुखते का रे बाप्पा?"

"नाई जी."

ही हाड लांबवण्याची इलिझारोव्ह पद्धत. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ती विकसित केली. हाडाला जपून काप द्यायचा, वरचं आवरण शाबूत ठेवायचं, साधारण ५ ते ७ दिवस थांबायचं. मग कड्यांचे नट फिरवून रोज १ मिलिमीटर ताण, तोही ४ टप्प्यांत.

खरी गंमत कापाच्या जागी पडणाऱ्या फटीत घडते. ताण बसला की तिथल्या पेशी रक्तवाहिन्या वाढवणारी प्रथिनं सोडतात. पालवीसारख्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या सोबतीनं नवं हाड तयार होतं. घाई केली तर हाड नीट धरत नाही. फार रेंगाळलं तर ते वेळेआधीच जुळतं.

बिडी-सिगारेट मात्र बंदच हवी. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं.

या उपचारासाठी वऱ्हाडाबाहेर जावंच लागतं असं नाही. अकोल्यातच डॉ. मिलिंद चौधरी यांचं इलिझारोव्ह तंत्राचं केंद्र आहे.

घरात कुणाला अशा कड्या लावल्या आहेत का? काही शंका असतील तर खाली जरूर विचारा.