टाके सुकले, पण आग थांबेना

गर्भाशयाची पिशवी काढण्याचे ऑपरेशन आता तालुक्याच्या गावीही होते. आठ-दहा दिवसांत टाके निघतात, दीड-दोन महिन्यांत बाई घरकामाला लागते आणि घरच्यांच्या लेखी प्रकरण मिटते. काही भगिनींच्या बाबतीत मात्र ते मिटत नाही. व्रण छान भरलेला असतो, सोनोग्राफी स्वच्छ निघते, लघवी-रक्तात दोष नसतो. तरीही टाक्यांच्या कडेला आग होते, जांघेत करंट बसल्यासारखी चमक निघते, मांडीचा एखादा पट्टा बधिर राहतो.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ४२ वर्षांच्या एक भगिनी अशाच तक्रारीसाठी आल्या. ऑपरेशनला पाच महिने झाले होते. "डॉक्टर, निऱ्या खोचल्या की जीव जातो," त्या म्हणाल्या. सोबतच्या सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. "आम्ही काय कमी सोसलं? हिच्या मनाचंच आहे सगळं."

मी त्यांना डोळे मिटायला सांगून पोटावर कापूस फिरवला. टाक्याच्या उजव्या टोकाखाली चार बोटे जागेत कापूस लागल्याचे त्यांना कळतच नव्हते, आणि त्या जागेच्या कडेला मात्र नुसत्या कापसाने त्या कळवळल्या. टोकावर बोट दाबले तशी चमक थेट जांघेत उतरली. तीनदा केले, तीनदा तेच. डोळे मिटलेल्या बाईला असे सोंग वठवता येत नाही. सासूबाई हे पाहत होत्या. पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

हे दुखणे शिरेचे आहे. इथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू. ओटीपोटावर आडवा छेद घेण्याची पद्धत फानेनस्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९०० साली मांडली आणि ती आजही रूढ आहे. छेद कपड्यात झाकला जातो, चांगला भरतो. पण त्याच्या दोन्ही टोकांजवळून जांघेकडे जाणारे बारीक मज्जातंतू असतात. ते कापले जातात, टाक्यात सापडतात, किंवा व्रण भरताना त्याच्या घट्ट गाठीत आवळले जातात. प्रत्येक वेळी त्यात सर्जनची चूक असते असे नाही, कारण हे तंतू प्रत्येकीत थोड्या वेगळ्या वाटेने जातात. डिवचलेला तंतू मग खोट्या बातम्या पाठवतो. स्पर्शाला वेदना म्हणतो आणि काहीच नसताना मुंग्या कळवतो. नेहमीच्या सोनोग्राफीत यातले काही दिसत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे 'दुखणे खोटे' असा हिशेब करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या वेदनेला स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली आहे.

पायाच्या तक्रारी निराळ्या. पोट उघडे धरणाऱ्या हत्याराचा दाब मांडीच्या मोठ्या मज्जातंतूवर आला, तर जिना उतरताना गुडघा अचानक दगा देतो. खालून ऑपरेशन करताना पाय बराच वेळ अडकवून ठेवलेले असतात. त्यात गुडघ्याबाहेरचा तंतू दबला, तर पाऊल उचलत नाही, चालता चालता चप्पल निसटते. आपल्याकडे या सगळ्याचे खापर पाठीतल्या इंजेक्शनवर फुटते. बहुतेक वेळा ते बिचारे निर्दोष असते.

बरे केव्हा वाटेल, हा खरा प्रश्न. नुसता दबलेला तंतू काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सावरतो. तुटलेला तंतू वाढलाच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. त्याला घाई करता येत नाही. टाक्याखालचा थोडा बधिर भाग कायमचाही राहतो. तेवढ्याने धोका नसतो.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या आगीवर फारशा चालत नाहीत, आणि महिनोन्महिने खाल्ल्या तर जठर व मूत्रपिंड बिघडवतात. ताकदीची लाल इंजेक्शने हा आमच्या व्यवसायाचा लाडका उपाय. बी-१२ कमी असेल तर ती जरूर घ्यावीत (शाकाहारी मंडळींत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असू शकते), पण गाठीत आवळलेला तंतू ती सोडवत नाहीत. इथे ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन अशी औषधे लागतात. पहिले मुळात नैराश्यावरचे औषध आहे. दुकानदाराने तसे सांगितले की बायका घाबरतात. वेदनेसाठी ते फार कमी मात्रेत, रात्री देतात. पहिले काही दिवस तोंड कोरडे पडते, सुस्ती येते, आणि गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नये, एकदम बंदही करू नये. काचबिंदू, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगावे. दुखरी जागा एकाच बिंदूवर असेल तर तिथे बधिरतेचे इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने आराम पडला की निदानही पक्के होते.

घरी करण्यासारखेही आहे. परकराची नाडी टाक्यावर आवळू नये, रुंद पट्टा लावावा. जखम पूर्ण भरली असेल तर दिवसातून तीनदा पाच मिनिटे कडेच्या दुखऱ्या जागेवर आधी मऊ सुती कापड, काही दिवसांनी टॉवेल हलकेच फिरवावा. त्वचेला स्पर्शाची पुन्हा ओळख पटू लागते. वर सांगितलेल्या भगिनींनी हे आणि रात्रीची गोळी तीन महिने नेटाने चालवली. निऱ्या खोचता येतात, मोठे पातेले मात्र अजून दोघी मिळून उचलतात.

बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका कळत नाही आणि फोड येतो.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये. पायाची ताकद कमी होत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, किंवा ताप येऊन टाक्यातून वा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खोकताना टाक्याजवळ फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. 'आत आतडी चिकटली' म्हणून कोणी लगेच दुसरे ऑपरेशन सुचवले, तर आधी पोटाच्या भिंतीतली शीर तपासली का, हे विचारावे. जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. छेद कुठून घेतला आणि काय काय काढले, हे त्यावरच कळते.