नॅशनल निग्रो बिझनेस लीग

अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्यावसायिकांची एक राष्ट्रीय संघटना. बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ञाने १९०० मध्ये बॉस्टन येथे ती स्थापन केली. व्यवसायात यश मिळविल्यास कालांतराने नागरी हक्कही प्राप्त होतील, ही तिच्यामागील भूमिका होती. दुकानदार, शेतकरी, बँकचालक आदी सभासद वार्षिक अधिवेशनांत आपले अनुभव कथन करीत. मताधिकाराअभावी मालमत्ता सुरक्षित राहू शकत नाही, असा आक्षेप समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस याने वॉशिंग्टनच्या धोरणावर घेतला. १९२१ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरी कृष्णवर्णीयांची समृद्ध व्यापारी वस्ती श्वेतवर्णीय जमावाने जाळली, तेव्हा या आक्षेपातील तथ्य प्रत्ययास आले. १९६६ मध्ये संघटनेचे ‘नॅशनल बिझनेस लीग’ असे नामांतर झाले.