वनजमिनीतील बुरशी व डॉ. सिमार्ड यांचे संशोधन

जमिनीचा कस केवळ नत्र, स्फुरद व पालाश यांच्या प्रमाणावरून ठरत नाही. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचाही त्यात वाटा असतो. कॅनडातील शास्त्रज्ञ डॉ. सुझान सिमार्ड (जन्म १९६०) यांनी वनजमिनीच्या संदर्भात याच विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला आहे.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात इमारती लाकडासाठी डग्लस फरची लागवड करताना भूर्जाच्या कुळातील बर्च वृक्ष तण समजून तोडले जात, किंवा तणनाशकाने मारले जात. वाटेकरी गेला की फर जोमाने वाढेल, असा हिशेब होता. परंतु बर्च काढलेल्या ठिकाणी फरची रोपे मूळकुजीने अधिक मरतात, असे वनसंशोधनात काम करणाऱ्या सिमार्ड यांना आढळले.

तेव्हा त्यांनी शेजारी शेजारी लावलेली बर्च व फरची रोपे पिशव्यांनी झाकली आणि एकास कर्ब-१३चा, तर दुसऱ्यास कर्ब-१४चा कर्बाम्ल वायू दिला. खूण केलेला कर्ब कोठे जातो, हे त्यावरून कळणार होते. कर्ब दोन्ही दिशांनी गेला. मात्र फरला मिळालेला भाग अधिक होता आणि सावलीतील फरला तो आणखी वाढला. जवळच्या सीडरच्या मुळांवर निराळ्या प्रकारची बुरशी असते. त्यास फारच थोडा कर्ब मिळाला. हे निष्कर्ष १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सीडरला थोडा तरी कर्ब मिळाला, म्हणजे तो मातीतूनही जात असला पाहिजे, हा आक्षेप रास्त आहे. वनातील असे बुरशीचे जाळे सर्वत्र असते व झाडांना हितकारकच असते, यास पुरेसा पुरावा नाही, असे २०२३ साली तीन शास्त्रज्ञांनी दाखविले. त्यांपैकी मेलनी जोन्स या १९९७च्या प्रयोगात स्वतः सहभागी होत्या! ‘मातृवृक्ष’ आपल्या रोपांना पोसतो, ही लोकप्रिय झालेली कल्पना म्हणूनच जपून घ्यावी. तण ठरविलेले झाड काढण्यापूर्वी त्याची मुळे तपासावीत, हा सिमार्ड यांचा मूळ मुद्दा मात्र त्याने ढळत नाही.

ग्रामसेवकांनी एक भेद ध्यानी ठेवावा. बर्च व फर यांची बुरशी मुळांवर बाहेरून वेष्टण करते. आपला साग, ज्वारी, तूर, कांदा यांची बुरशी मुळांच्या पेशींत शिरते व दूरचे स्फुरद आणून देते. स्फुरदयुक्त खत गरजेपेक्षा अधिक दिल्यास तिची वाढ खुंटते. कोबी व मोहरी यांच्या मुळांवर ती वाढतच नाही. त्या पिकांसाठी मायकोरायझाची पुडी विकत घेणे व्यर्थ होय.