सतरावी प्रतिज्ञा आणि आठवड्याची बैठक

पूर्णा हे जंक्शनचे गाव. नांदेड, परभणी, अकोला अशा तिन्ही दिशांना येथून गाड्या सुटतात. ड्युटीवर येणाऱ्या ड्रायव्हरचा श्वास यंत्रावर तपासला जातो. दारू निघाली तर त्याला गाडी मिळत नाही. संसाराची गाडी हाकणाऱ्याचा श्वास मात्र कोण तपासणार? तो तपासते त्याची बायको, रात्री दार उघडताना. आणि गप्प बसते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली सतरावी दारू न पिण्याची. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. लग्न असो की पुण्यानुमोदन, आम्ही हात जोडून ते म्हणतो. पण ज्याची प्रतिज्ञा मोडली त्याचे काय? त्याला ‘बेवडा’ म्हणून आम्ही मोकळे होतो. जयंतीला त्याची वर्गणी चालते, पण तो विहाराच्या पायरीवर आला की माना फिरतात. मग तो विहाराकडे फिरकतच नाही. गुत्त्यावर मात्र त्याला कुणी हाकलत नाही. बांधवांनो, हा आमचा पराभव आहे.

व्यसन हा आजार आहे आणि भाषणाने आजार जात नाही. मग कशाने जातो? १९३५ सालची अमेरिकेतली गोष्ट आहे. बिल विल्सन नावाचा दारुडा नुकताच दारूतून सुटला होता. धंद्यात आपटून तो अ‍ॅक्रन शहरात एकटा पडला. पुन्हा प्यावेसे वाटू लागले, तेव्हा त्याने फोन फिरवून शोध घेतला तो दुसऱ्या एका दारुड्याचा. त्याला डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. दोघे बोलत बसले. १० जून १९३५ नंतर डॉक्टर प्याले नाहीत. त्या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे एए, उभी राहिली. तिच्या बैठका आज आपल्या महाराष्ट्रातही भरतात.

या बैठकीत फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. एकेक जण उठतो, आपले नाव सांगतो, ‘मी दारुडा आहे’ म्हणतो आणि स्वतःची हकीकत सांगतो. बाकीचे ऐकतात. कुणी उपदेश करत नाही. जन्मभराची शपथ नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल तो दोन पैसे टाकतो. आणि नाव सांगायचे ते नुसते नाव. आडनाव नाही! आडनावावरून जात काढणाऱ्या या देशात एवढी एक गोष्टही आम्हाला मोलाची वाटते.

आमचे काही कार्यकर्ते विचारतील, तिथे ईश्वराचे नाव घेतात, मग प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धाने जावे कसे? प्रश्न रास्त आहे. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वर आहे खरा, पण तो ज्याला जसा समजेल तसा घ्यावा, असेही तिथेच म्हटले आहे. कित्येक सभासद आपल्या गटालाच ती मोठी शक्ती मानतात. आम्ही तर ‘संघं सरणं गच्छामि’ म्हणणारे लोक! भिक्खू संघात उपोसथाच्या दिवशी आपला दोष सोबत्यांपुढे कबूल करण्याची रीत अडीच हजार वर्षांची आहे. दहा जणांत बसून चूक सांगणे आम्हाला परके नाही. आम्ही ते विसरलो एवढेच. परदेशात ‘रिकव्हरी धर्म’ नावाचे गट २०१९ पासून चार आर्यसत्ये आणि अष्टांग मार्गाच्या आधारे अशाच बैठका घेत आहेत.

बैठक शोधायची कशी? १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाईन क्रमांक आहे. नांदेड किंवा परभणीला जाता येते. गावात कुणी ओळखेल ही भीती असेल तर तेच बरे. मोबाईलवरूनही बैठकीला बसता येते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते. घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे गट असतात, कारण नवऱ्याच्या दारूत बायकोचा दोष नसतो, हे तिलाही कुणीतरी सांगावे लागते. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम दारू तोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी सरकारी दवाखाना, मग बैठक. आणि एखादा घसरला तर त्याला पुन्हा बोलवा, हाकलू नका.

विहार समित्यांना आमची विनंती आहे. पूर्णेच्या धम्म परिषदेला लांबलांबून लोक येतात. त्या गावाला आठवड्यातून एक तास, एक सतरंजी आणि एक बंद दार अवघड नाही. दारू सोडलेला एक जण पुढे बसवा, नव्याने सोडणारा शेजारी बसवा. तिथे ऐकलेले बाहेर जाता कामा नये, एवढा एकच नियम कडक पाळा. पुढारी, हार, माईक काही नको. सतरावी प्रतिज्ञा तोंडाने म्हणायला अर्धा मिनिट लागतो. ती पाळायला माणसाला सोबत लागते. ती सोबत गुत्त्यावर मिळते आणि विहारात मिळत नाही, हे चित्र आपणच बदलायचे आहे.

जयभीम!